पायाला चिकटलेली काळी वाळू

कोकणातल्या शेवटच्या ट्रिपचे फोटो अजून मोबाइलमध्ये असतील, तर एकदा काढून बघा. समुद्राचे नकोत, तुमच्या पायांचे. लाट मागे गेल्यावर पावलांभोवती उरलेली ती वाळू झूम करा. रत्नागिरी, मालगुंड, काळबादेवी, पूर्णगड, या पट्ट्यातला फोटो असेल तर तिच्यात काळ्या रेघा दिसतील. रांगोळी सांडून वाऱ्याने पसरवावी तशा. रत्नागिरीत तर ‘काळा समुद्र’ आणि ‘पांढरा समुद्र’ अशी नावंच आहेत. समुद्र दोन्हीकडे एकच, रंग वाळूचा.

आपल्यातल्या बहुतेकांनी ही काळी वाळू हॉटेलच्या नळाखाली धुऊन टाकलेली असते. ती घाण नसते. ते लोखंड आणि टायटॅनियमचं खनिज असतं.

पुढच्या वेळी एक करा. जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक पातळ पिशवीत गुंडाळून न्या आणि काळ्या रेघेवरून फिरवा. काही कण टुणकन उडी मारून चिकटतील, त्यांच्या मिशा उभ्या राहतील. ते मॅग्नेटाइट. बाकीचे तितकेच काळे कण मात्र जागेवर बसून राहतील. त्यातलं बरंचसं इल्मेनाइट असतं, म्हणजे लोखंड, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांचं संयुग. ते चुंबकाला दाद देतं, पण फार जोरदार चुंबक लागतो. खेळून झालं की वाळू तिथेच ठेवा, घरी आणू नका.

आता प्रश्न असा, की हे आलं कुठून? आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न, हे असं एका जागी जमलं कसं? खाण व्हायला पदार्थ नुसता असून चालत नाही, तो जमावा लागतो. पृथ्वीच्या कवचात विपुलतेच्या यादीत टायटॅनियम नवव्या क्रमांकावर आहे. तुमच्या कॉलेजच्या भिंतीतल्या काळ्या दगडातही ते आहे. पण म्हणून कुणी कॉलेज खणायला येत नाही.

कोकम सरबताचा धडा

कोकणाचाच विषय आहे, तर घरच्या कोकम सरबतापासून सुरुवात करू. सरबताचा ग्लास फ्रीझरमध्ये ठेवा आणि अर्धवट गोठल्यावर बाहेर काढा. वरचा बर्फ चाखून बघा, फिका लागतो. तळाशी उरलेलं पाणी चाखा, ते आधीपेक्षा गोड आणि आंबट झालेलं असतं. बर्फाने फक्त पाणी उचललं. साखर आणि कोकम त्याला नको होतं, ते त्याने उरलेल्या द्रवात ढकललं.

जमिनीखालचा शिलारस, म्हणजे मॅग्मा, निवताना हेच होतं. बेसॉल्ट जातीचा शिलारस साधारण ११५० ते १२०० अंश सेल्सिअसला वितळलेला असतो. तो थंड व्हायला लागला की सगळा एकदम गोठत नाही. आधी ऑलिव्हिन, पायरॉक्सिन, प्लेजिओक्लेज अशा खनिजांचे स्फटिक तयार होतात. यातलं प्लेजिओक्लेज हे कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका यांचं. त्यात लोखंडाला जवळजवळ जागाच नाही. ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन थोडं लोखंड घेतात, पण मॅग्नेशियम त्यांना जास्त आवडतं. टायटॅनियमची अवस्था तर ॲडमिशनच्या तिसऱ्या यादीतही नाव नसलेल्या मुलासारखी. प्रत्येक दारातून परत.

परिणाम काय? जसजसे स्फटिक वाढतात, तसतसा उरलेला रस लोखंड आणि टायटॅनियमने दाट होत जातो. शेवटी अशी वेळ येते की तो ते आणखी पेलू शकत नाही. मग मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट यांचे स्वतंत्र स्फटिक बनू लागतात.

इथे वजनाचा खेळ सुरू होतो. शिलारसाची घनता साधारण २.७, प्लेजिओक्लेजचीही तेवढीच, पायरॉक्सिनची ३.३च्या आसपास. इल्मेनाइटची मात्र ४.७ आणि मॅग्नेटाइटची ५.२. रस पुरेसा पातळ असेल आणि पुरेसा वेळ मिळाला, तर हे जड कण तळाला बसतात, भाताच्या पातेल्यात खडे बसावेत तसे. हलके स्फटिक मागे राहतात, कधी कधी तरंगतातही. हजारो वर्षं हे चालू राहिलं की तळाशी काळा, जड, चकाकता थर साचतो. तो धातुकाचा साठा.

यात दोन अटी लपलेल्या आहेत, पुरेसा रस आणि पुरेसा वेळ. गोष्ट पुढे याच अटींवर फिरते.

सह्याद्रीला घाई झाली

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपल्या दख्खनमध्ये लाव्हा ओतला गेला. आजही त्याने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन झाकलेली आहे आणि सह्याद्रीच्या कड्यांत त्याची जाडी दीड किलोमीटरच्या वर जाते. रसाची कमतरता नव्हती. मालही चांगला होता. या बेसॉल्टमध्ये लोखंडाची ऑक्साइडं साधारण बारा ते पंधरा टक्के आणि टायटॅनियमचं ऑक्साइड बहुधा दोन-तीन टक्के सापडतं.

मग सह्याद्रीत टायटॅनियमची खाण का नाही? कारण वेळ मिळाला नाही. लाव्हा पृष्ठभागावर आला, थरांमागून थर पसरले, प्रत्येक थर उघड्यावर निवला. जड कणांना तळ गाठायला सवडच नव्हती. ते जिथे जन्मले तिथेच अडकले, तिळाच्या लाडवात अडकलेल्या दाण्यांसारखे. ट्रेकला जाताना हाताखाली येणाऱ्या प्रत्येक काळ्या कातळात ते आहेत. फक्त विखुरलेले.

विखुरलेले म्हणजे वाया गेलेले, असं मात्र समजू नका. टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटचे हे बारीक कण निवताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा पकडून ठेवतात. १९५६मध्ये क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या शास्त्रज्ञांनी दख्खनच्या दगडांतली ही दिशा मोजून प्रसिद्ध केली. लाव्हा वाहत होता तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, असा त्या मोजमापांचा अर्थ निघत होता. भूखंडं सरकतात यावर तेव्हा अनेकांचा विश्वास नव्हता. आपल्या घाटातल्या काळ्या कणांनी त्या वादात साक्ष दिली.

ज्यांना वेळ मिळाला

आता शिलारस वर न येता खोलवर अडकला आणि पांघरुणाखाली सावकाश निवला, तर काय होतं ते बघू.

दक्षिण आफ्रिकेतल्या बुशवेल्ड इथे दोनशे कोटी वर्षांहून जुना, अवाढव्य शिलारसाचा साठा जमिनीखाली गोठला. त्याच्या वरच्या भागात मॅग्नेटाइटचे वीसहून अधिक थर आहेत. त्यातला मुख्य थर जेमतेम दोन मीटर जाडीचा, पण शंभराहून अधिक किलोमीटर लांबवर ओळखता येतो. केकमधल्या क्रीमच्या थरासारखा. त्यातून व्हॅनेडियमही मिळतं, जे पोलादाला ताकद द्यायला लागतं.

चीनमधलं पानझिहुआ आपल्याला जास्त जवळचं. तिथेही दख्खनसारखाच लाव्हाचा महापूर आला होता, सुमारे २६ कोटी वर्षांपूर्वी. पण त्यातला काही रस खाली अडकून निवला, थर बसले, पुढे जमीन उचलली गेली, वरचं झाकण झिजलं आणि तो साठा उघडा पडला. आज तिथे लोखंड, टायटॅनियम आणि व्हॅनेडियम यांच्या मोठाल्या खाणी आहेत आणि खाणींभोवती वसलेलं शहर आहे. आपल्याकडे खोल निवलेला रस नाहीच असं नाही. गिरनारचा डोंगर दख्खनच्या काळातलाच आणि तो जमिनीखालीच गोठलेला आहे. पण सह्याद्रीत आपल्याला दिसतं ते मुख्यतः वरचं झाकण.

तिसरा प्रकार नॉर्वे आणि कॅनडातला. तिथे प्लेजिओक्लेजचे इतके स्फटिक साठले की ॲनॉर्थोसाइट नावाचा फिकट रंगाचा खडक तयार झाला. सगळं फिकट एका बाजूला गेल्यावर उरलेला रस किती काळा आणि जड असेल, याचा अंदाज करा. नॉर्वेतल्या टेल्नेस इथला इल्मेनाइटचा साठा असा आहे. सुमारे ९२ कोटी वर्षं जुना, अडीच किलोमीटरहून लांब. तो १९५४मध्ये सापडला आणि १९६०पासून खणला जातोय. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या लाक टियो इथला साठा १९४६मध्ये सापडला. घट्ट खडकातल्या इल्मेनाइटच्या जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांत त्याची गणना होते.

एकाच लॅबमधलं भांडण

आतापर्यंत वाचताना सगळं सरळ वाटलं असेल. तसं ते नाही. शिलारस निवताना लोखंड खरंच वाढतं का, यावरच जोरदार भांडण झालंय, आणि तेही एकाच प्रयोगशाळेत.

वॉशिंग्टनच्या जिओफिजिकल लॅबोरेटरीत नॉर्मन बोवेन आणि क्लॅरेन्स फेनर हे दोघे सहकारी. बोवेन यांचं म्हणणं, रस निवत जातो तसा तो सिलिकाने दाट होतो, ग्रॅनाइटच्या दिशेने जातो. १९२८मध्ये त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं. फेनर यांनी पुढच्याच वर्षी उलट मांडलं, की रस लोखंडाने दाट होतो.

फेनर यांच्या बाजूचा भक्कम पुरावा आला पूर्व ग्रीनलँडमधून. लॉरेन्स वेजर हा तरुण ब्रिटिश भूशास्त्रज्ञ १९३०च्या मोहिमेत तिथे होता. किनाऱ्यावरच्या डोंगरात त्याला आडव्या पट्ट्यांचा खडक दिसला, स्केरगार्ड. १९३९मध्ये वेजर आणि डीअर यांनी त्याचा तपशीलवार अभ्यास छापला. थर चढत जावेत तसं लोखंड वाढत जाताना त्यात स्पष्ट दिसत होतं. ट्रेकर्ससाठी जाता जाता, हाच वेजर १९३३च्या एव्हरेस्ट मोहिमेत प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय साडेआठ हजार मीटरच्या वर जाऊन आला होता.

मग खरं कोण? दोघेही. कळीचा मुद्दा निघाला ऑक्सिजन. रसात ऑक्सिजनचा जोर जास्त असेल तर मॅग्नेटाइट लवकर स्फटिक धरतं, लोखंड आधीच संपतं आणि रस बोवेन म्हणतात तसा वागतो. ऑक्सिजन कमी असेल तर मॅग्नेटाइट उशिरा येतं, तोवर लोखंड साठत राहतं आणि फेनर जिंकतात. इंटर्नलच्या ओरलला कुणी ‘बरोबर कोण’ विचारलं तर ‘परिस्थितीवर अवलंबून आहे’ हे उत्तरही पूर्ण मार्कांचं असू शकतं, फक्त परिस्थिती सांगता आली पाहिजे.

भांडणं संपली नाहीत. काही ठिकाणी रस खूप दाट झाल्यावर दोन द्रवांत फुटतो, एक लोखंडाचा आणि एक सिलिकाचा, जे एकमेकांत मिसळत नाहीत. मिसळीचा रस्सा ढवळला की एकजीव दिसतो आणि थोडा वेळ ठेवला की तर्री वेगळी होते, तसं काहीसं. फरक इतकाच, की तर्री वर येते आणि लोखंडाचा द्रव खाली जातो. प्रयोगशाळेत हे घडवून दाखवता येतं. पण निसर्गातले मोठे साठे असे फुटून झाले, की कण तळाशी बसून झाले, यावर आजही दोन गट आहेत. पानझिहुआबद्दल तर तिसरंही मत आहे. शेजारच्या चुनखडीसारख्या खडकांतून वायू शिलारसात गेला, ऑक्सिजनचा जोर वाढला आणि मॅग्नेटाइट लवकर व भरपूर बसलं, असं काही संशोधक मानतात. म्हणजे पीएचडीचा विषय शोधणाऱ्यांसाठी जागा रिकामी आहे.

चंद्रावरही तेच

कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चंद्रयान-३चं लँडिंग सगळ्यांनी शेअर केलं होतं. त्याच्या प्रज्ञान रोव्हरने दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीचं मोजमाप केलं, ते २०२४मध्ये प्रसिद्ध झालं. माती ॲनॉर्थोसाइटशी जुळणारी निघाली. हो, नॉर्वेतला तोच फिकट खडक. लहानपणी चंद्रावर शिलारसाचा समुद्र होता, हलकं प्लेजिओक्लेज तरंगून वर आलं आणि त्याचं कवच झालं, या कल्पनेला त्यामुळे आणखी बळ मिळालं. मग लोखंड आणि टायटॅनियम कुठे गेलं? उरलेल्या रसात. तिथून अगदी शेवटी इल्मेनाइट बनलं. अपोलो-११ने आणलेल्या काही बेसॉल्टमध्ये टायटॅनियम ऑक्साइड दहा टक्क्यांच्या घरात होतं. त्या दगडांत सापडलेल्या एका नव्या लोह-टायटॅनियम खनिजाला आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स यांच्या नावांची अक्षरं जोडून ‘आर्मॅल्कोलाइट’ म्हणतात.

समुद्राने सूप हातात घेतलं

आता परत पुळणीवर येऊ. सह्याद्रीला घाई झाली, कण विखुरलेले राहिले. पण गोष्ट तिथे संपली नाही.

पाऊस पडत राहिला. बेसॉल्ट कुजला, त्याचा लालसर जांभा झाला. बाकीची खनिजं विरघळून, सडून गेली, इल्मेनाइट मात्र चिवट, ते टिकलं. काजळी, शास्त्री यांसारख्या नद्यांनी ते खाडीत नेलं. पुढचं काम समुद्राने केलं. आजी सुपात तांदूळ पाखडायची ते आठवा. हलकं पुढे उडतं, जड मागे राहतं. लाट येते ती सगळं घेऊन येते, परत जाताना हलकी वाळू आणि शिंपल्यांचा चुरा ओढून नेते आणि जड काळे कण किनाऱ्यावर ठेवते. शिलारसाच्या भांड्यात जे वेळेअभावी राहिलं, ते लाटा रोज दोन भरत्यांना थोडं थोडं करत आहेत. गोव्यात दोनापावलाला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी काळबादेवी, मिऱ्या आणि रत्नागिरीच्या उपसागरांतल्या या जड खनिजांचा अभ्यास केलेला आहे.

आता त्याची किंमत. जगात खणलेल्या टायटॅनियम खनिजापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक माल धातूसाठी जात नाही, तो जातो पांढऱ्या रंगासाठी. भिंतीचा रंग, कागद, सनस्क्रीन, बऱ्याच टूथपेस्ट, या सगळ्यांचा पांढरेपणा काळ्या वाळूतून येतो. थोडा भाग विमानं, रॉकेटं आणि आजोबांच्या गुडघ्यातल्या इम्प्लांटला लागतो. केरळमधल्या चवरा इथे इस्रोच्या मदतीने टायटॅनियम स्पंजचा कारखाना २०११मध्ये सुरू झाला. २०२३मध्ये केंद्र सरकारने देशासाठी कळीच्या ३० खनिजांची यादी काढली, त्यात टायटॅनियम आणि व्हॅनेडियम दोन्ही आहेत.

पुळण की खाण?

म्हणजे तुमच्या पायाला चिकटलेल्या त्या वाळूकडे बघणारे फक्त तुम्ही नाही. आणि इथे विज्ञानाचा तास संपून तुमचा प्रश्न सुरू होतो.

पुळण ही कोकणातल्या गावाची भिंत असते. पावसाळ्यातल्या उधाणाला ती आधी अंगावर घेते, मग माड, मग घरं. मालगुंड, गुहागर, आंजर्ले, वेळास इथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. गावातली पोरं रात्री जागून त्यांची घरटी राखतात. खोलवरच्या खडकातली खाण आणि पुळणीवरची खाण यांत हा फरक आहे. शंभर कोटी वर्षांपूर्वी तळाशी बसलेला थर कुणाला लाटेपासून वाचवत नसतो.

पण खडकातली खाण निर्दोष असते असंही नाही. टेल्नेसमध्ये धातुक वेगळं काढल्यावर उरलेला चुरा अनेक वर्षं शेजारच्या योसिंग फियॉर्डमध्ये, म्हणजे खाडीत, सोडला जायचा. मच्छीमारांनी आणि पर्यावरणवाद्यांनी विरोध केला, वाद वर्षानुवर्षं चालला आणि १९९४पासून तो चुरा जमिनीवर साठवायला लागले. दुसरीकडे, आपल्याला पांढऱ्या भिंती हव्यात, रॉकेटं हवीत, गुडघे हवेत आणि खाण मात्र दुसऱ्याच्या गावात हवी, हेही सोयीचंच झालं.

सोपं उत्तर माझ्याकडे नाही आणि घाईत दिलेल्या उत्तरावर तुम्ही विश्वास ठेवू नका. पण कधी तरी तुमच्या तालुक्यात जनसुनावणीची नोटीस लागेल. तेव्हा तिथे बोलणारे दोनच प्रकारचे लोक नसावेत, एक ज्यांना फक्त टनांचे आकडे दिसतात आणि दुसरे ज्यांना वाळू म्हणजे फक्त वाळू वाटते. तिसरा कुणी तरी उठून विचारणारा हवा, की हे कण जमायला किती काळ लागला, दर पावसात नद्या नवीन किती आणतात, आणि आपण वर्षाला किती उचलणार? ही तीन प्रश्नांची बेरीज-वजाबाकी आहे. त्यासाठी भूशास्त्राची पदवी लागत नाही, आकडे मागायची सवय लागते.

पदवी घ्यायची असेल तर तीही घ्या. महाराष्ट्रात भूशास्त्र शिकवणारी कॉलेजं आहेत आणि या विषयात प्रॅक्टिकलचा अर्थ बहुतेक वेळा सॅक पाठीवर टाकून घाट चढणं असा होतो.

आणि ते नसेल करायचं, तर एवढं तरी करा. पुढच्या ट्रिपला पाय नळाखाली धरण्याआधी एक मिनिट थांबा. त्या काळ्या कणांना तिथवर यायला साडेसहा कोटी वर्षं लागली आहेत. पाय पुळणीवरच झटका.